दाब आणि मोकळीक: तरुण घोड्याला हाताळण्यापासून पहिल्या स्वारीपर्यंत

न शिकलेल्या घोड्याला दोराने ओढलं की तो पुढे येत नाही, उलट मागे रेटा देतो. अंगावर दाब आला की त्याच्याविरुद्ध झुकायचं, ही त्याची उपजत सवय. दाब आला की वाट द्यायची, हे त्याला शिकावं लागतं. आणि ते तो दाब देण्यातून शिकत नाही, दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणातून शिकतो. मोहरकी (म्हणजे डोक्यावर चढवायचा, तोंडात लोखंड नसलेला पट्ट्यांचा साज), लगाम, टाचेचा इशारा, पाय उचलणं, या सगळ्याच्या मुळाशी हीच एक गोष्ट आहे. तुमचा हात कधी सैल होणार हे ज्या घोड्याला आधीच ओळखता येतं, तो तुमच्याजवळ शांत उभा राहतो. माणूस आणि घोडा यांच्या नात्याबद्दल पुष्कळ गूढ बोललं जातं, पण त्याचा पाया इतका साधा आहे.

आधी वयाचा हिशेब

शिंगरू साधारण चार ते सहा महिन्यांचं झालं की आईपासून वेगळं केलं जातं. वर्षाचं होईपर्यंत स्पर्श, मोहरकी, पाय उचलणं आणि चार पावलं सोबत चालणं एवढंच पुरे. दुसऱ्या वर्षी बांधून उभं राहणं, अंग धुणं, गाडीत चढणं, नव्या जागा बघणं. त्यानंतर आवाजाचे हुकूम आणि लांब लगाम. पाठीवर माणूस मात्र तिसरं वर्ष पूर्ण झाल्यावर, आणि तोही थोडा वेळ.

यामागे हाडांचं कारण आहे. घोड्याची हाडं खालून वर पक्की होत जातात. खुराजवळची आधी, पुढच्या पायाच्या गुडघ्याजवळची दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास, आणि पाठीचे मणके सगळ्यात शेवटी, पाच-सहा वर्षांच्या आसपास. दोन वर्षांचा घोडा उंचीने पूर्ण वाढलेला दिसतो आणि तिथेच मालक फसतो.

दातांचंही तसंच. समोरच्या दुधाच्या दातांची मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास पडते, शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. याच काळात दाढाही बदलतात. म्हणजे तोंडात लोखंड घालायचं वय आणि हिरड्या दुखण्याचं वय एकच. शिवाय काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे एक छोटा सुळका असतो, ज्यावर लगामाची सळई आपटते. लगाम चढवण्याआधी पशुवैद्याकडून तोंड तपासून घ्या. डोकं झटकणाऱ्या बऱ्याच ‘हट्टी’ घोड्यांचं खरं दुखणं इथे सापडतं.

त्याला काय दिसतं, काय कळतं

घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंशांचा परिसर दिसतो. कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या थेट मागचा तुकडा तेवढा दिसत नाही. म्हणून जवळ जाताना खांद्याच्या दिशेने, तिरकं जायचं. मागून जावंच लागलं तर बोलत, पाठीवर हात ठेवून, अंगाला चिकटून जा. चिकटून असताना लाथ लागली तरी तिला जोर नसतो. सगळ्यात वाईट जागा म्हणजे मागे एक-दीड मीटर.

ताण वाढतो आहे हे उधळण्याच्या कितीतरी आधी दिसतं: मान ताठ वर, कान एकाच दिशेला खिळलेले, डोळ्यावरच्या कातडीत त्रिकोणी सुरकुती, आवळलेल्या नाकपुड्या, दाबून धरलेली शेपटी, आणि श्वास रोखून धरलेला. शांत घोड्याची मान पाठीच्या रेषेत खाली येते, कान स्वतंत्रपणे हलतात, खालचा ओठ सैल होतो. तोंड चघळणं म्हणजे ‘समजलं’ असं पुष्कळजण मानतात. प्रत्यक्षात ताण उतरतानाही घोडा चघळतो. तुमचा धडा संपताना तो दर वेळी चघळत असेल, तर आधी ताण जास्त दिला होता का, हे तपासा.

शिकवणीइतकंच बाकीचं जगणं महत्त्वाचं. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, त्यामुळे चारा जवळजवळ दिवसभर तोंडात हवा. वाळक्या चाऱ्याच्या हिशेबाने रोज शरीराच्या वजनाच्या 1.5 ते 2 टक्के. धड्याच्या आधी मूठ-दोन मूठ गवत खाऊ द्या. रिकाम्या पोटात हालचालीने आम्ल वर उसळतं आणि घोडा चिडचिडा होतो. दिवसभर तबेल्यात कोंडलेला घोडा बाहेर काढल्यावर उड्या मारतो, ती अवज्ञा नसते. आधी त्याला दुसऱ्या घोड्यांसोबत मोकळं पळू द्या, मग शिकवा.

जवळ जाणं आणि हात लावणं

बंदिस्त पण ऐसपैस जागा घ्या, दुसरा शांत घोडा नजरेच्या टप्प्यात असू द्या. खांद्याच्या दिशेने सावकाश चालत जा. घोड्याचे कान वळले, मान उचलली गेली की थांबा. तो पळेपर्यंत पुढे जाऊ नका. तो पुन्हा सैल झाला की तुम्ही वळून दोन-तीन पावलं मागे जा. हे मागे जाणं म्हणजे त्याच्यासाठी दाब सुटणं. पाच-सहा वेळा असं केलं की बहुतेक शिंगरं स्वतःच एक पाऊल पुढे टाकतात. नाही टाकलं तरी बिघडत नाही, उद्या पुन्हा.

पहिला स्पर्श चेहऱ्यावर करू नका. समोरून आलेला हात नाकाजवळ पोचला की तो त्याला दिसेनासा होतो. सुरुवात करायची ती मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापासून. घोडे एकमेकांना इथेच दातांनी खाजवतात, आणि इथे खाजवलं की त्यांच्या हृदयाचे ठोके खरोखर मंदावतात. थोपटू नका, खाजवा: बोटांच्या टोकांनी, जरा जोर देऊन, गोलाकार. त्याचा वरचा ओठ लांब होऊन थरथरला की जागा बरोबर सापडली. मग हात मानेवर, छातीवर, पाठीवर, पोटाखाली, मांड्यांवर. जिथे कातडी आक्रसते तिथे हात झटकन काढायचा नाही आणि दाबायचाही नाही. आहे तिथेच ठेवायचा आणि तो सैल झाल्याच्या क्षणी उचलायचा. घाबरून तो हलला त्या क्षणी हात काढलात, तर हललं की हात जातो, एवढंच तो शिकतो.

दोन्ही बाजूंनी सगळं करा. डावीकडून ओळखीची झालेली गोष्ट उजवीकडून वेगळी दिसते, म्हणून तो पुन्हा बुजतो.

हातातून खाऊ देणं सोपं वाटतं, पण तरुण घोड्याला त्यातून खिसे हुंगायची आणि चावायची सवय लागते. द्यायचंच असेल तर घमेल्यात द्या, किंवा त्याने तोंड तुमच्यापासून बाजूला वळवलं असताना द्या. चावऱ्या शिंगराच्या थोबाडीत मारू नका. त्याला तो खेळ वाटतो, नाहीतर तो डोक्याला हातच लावू देईनासा होतो. कोपर मध्ये आडवं धरा, त्याला एक पाऊल मागे घ्या, आणि काही झालंच नाही अशा रीतीने काम पुढे चालू ठेवा.

मोहरकी आणि सोबत चालणं

इथे घाई केली की पुढचं सगळं कच्चं राहतं, म्हणून हा भाग सविस्तर.

मोहरकी आधी अंगावर घासा, मग नाकावर सरकवून काढा, मग चढवा. नाकावरची पट्टी गालफडाच्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली असावी आणि तिच्या आत दोन बोटं सहज जावीत. त्याहून खाली आली तर नाकाचं नाजूक हाड आणि श्वास, दोन्ही दाबले जातात. मोहरकी घालून घोडा मोकळा सोडू नका, खुंटीला किंवा कुंपणाला अडकली की मान मोडू शकते. दोर तीन ते साडेतीन मीटरचा, जाड सुताचा. हातात हातमोजे, पायात मजबूत बूट, डोक्यावर हेल्मेट. दोराचं वेटोळं हाताला कधीही गुंडाळायचं नाही. घड्या घालून मुठीत धरायचा.

उभं राहायचं ते घोड्याच्या मान आणि खांद्याच्या मध्ये, हातभर अंतरावर. आधी तुमचं शरीर पुढे झुकतं, मग तोंडाने ‘चल’, आणि त्यानंतरच दोराला हलका ताण. हा क्रम कधी बदलायचा नाही. ताण सरळ पुढे न देता तिरका, बाजूला द्या. तोल किंचित ढळतो आणि पाय आपोआप उचलला जातो. ताण दिलात की तेवढाच ठेवा, हिसका देऊ नका. पाऊल पडायची वाट पाहू नका. त्याचं वजन नुसतं पुढे आलं तरी दोर सैल करा, त्याच सेकंदाला. तीन सेकंद उशीर झाला तर तो तोवर दुसरंच काही करत असतो आणि बक्षीस त्या दुसऱ्याच गोष्टीला मिळतं. पुढच्या वेळी एक पाऊल, मग तीन, मग दहा. काही दिवसांत शरीर झुकलं की तो निघतो, दोराची गरजच उरत नाही.

तो मागे गेला तर ताण तेवढाच ठेवून त्याच्यासोबत मागे जा. पाय थांबून वजन पुढे आलं की सोडा. पुढचे पाय उचलले तर मात्र दोर ढिला देऊन बाजूला व्हा. सुरक्षितता आधी, पण लक्षात ठेवा की आत्ता त्याला चुकीच्या गोष्टीबद्दल मोकळीक मिळाली. पुढच्या खेपेला तेवढा ताण द्यायचाच नाही, अर्धंच मागायचं.

अगदी लहान शिंगराच्या डोक्यावर कधीच ओढ देऊ नका. ते मागे उलटलं तर कानांमागचा डोक्याचा भाग जमिनीवर आपटतो, आणि ही इजा जीवघेणी ठरू शकते. त्याऐवजी मऊ दोराची सैल कडी त्याच्या मांड्यांमागून घ्या आणि पुढे न्यायला मागून हलका आधार द्या.

थांबवताना श्वास सोडा, तुम्ही थांबा, ‘हो’ म्हणा, मग दोर मागे. थांबल्यावर दोन पावलं मागे घेणंही शिकवा. आणि बरगड्यांच्या मागे, जिथे उद्या स्वाराचा पाय येणार आहे, तिथे अंगठ्याने दाब देऊन मागचे पाय बाजूला सरकवणं शिकवा. पुढे पाठीवरून त्याला आवरायचा प्रसंग आला, तर मागचे पाय वळवता येणं हाच तुमचा ब्रेक आहे.

धडा लहान ठेवा. वर्षाच्या शिंगराला पाच ते दहा मिनिटं, तीन वर्षांच्या घोड्याला वीस. एखादी गोष्ट नीट जमली की तिथेच थांबा. ‘आणखी एकदा’ म्हणण्याचा मोह आवरा.

बांधणं

दाबाला वाट देणं पक्कं झाल्याशिवाय बांधू नका. आधी दोर कडीतून नुसता ओवून दुसरं टोक हातात धरा. तो मागे रेलला तर थोडा सोडत, ताण ठेवत राहा. हे सरावलं की बांधा: त्याच्या खांद्याच्या उंचीला किंवा वर, हातभर लांब, एका ओढीत सुटणाऱ्या गाठीने. कडी आणि दोर यांच्या मध्ये सुतळीचा एक कच्चा फास ठेवा, म्हणजे घोडा खरोखर घाबरून मागे पडला तर सुतळी तुटेल, मान नाही. लांब दोर जास्त धोक्याचा, त्यात पाय अडकतो.

पाय

रोज, दोन मिनिटं. हात खांद्यापासून पायाच्या मागून खाली आणा, खुराच्या वरच्या सांध्याच्या, म्हणजे गाठीच्या, वरच्या शिरेला दोन बोटांनी हलकं चिमटा, पाय उचलला जाईल. सुरुवातीला दोन-तीन सेकंद धरा आणि त्याने हिसका देण्याआधी स्वतःच खाली ठेवा, हातातून पडू देऊ नका. तीस सेकंदांपर्यंत वाढवत न्या. तरुण घोड्याला तीन पायांवर तोल सांभाळता येत नाही, म्हणून पाय खाली आणि शरीराखालीच धरा. बाहेर ओढला की दुखतं, आणि मालकाला वाटतं घोडा खोडकर आहे. खूर टाचेकडून टोकाकडे साफ करा, मधल्या मऊ त्रिकोणाला टोचू नका. अधूनमधून खुराच्या तळाला खूर साफ करायच्या आकडीने टकटक करा, म्हणजे नालबंदाची हातोडी नवी वाटणार नाही. खूर सहा ते आठ आठवड्यांनी तासून घ्यावे लागतात, हे नाल न मारलेल्या घोड्यालाही लागू.

बुजणं घालवताना

ताडपत्री, छत्री, पाण्याची नळी, फडफडणारा कागद. घोड्याला कोपऱ्यात अडवून वस्तू अंगावर फडफडवत राहिलं की तो शेवटी गप्प उभा राहतो. पण ते गप्प राहणं हताशपणाचं असतं, आणि एके दिवशी ते फुटतं. वस्तू एवढ्या लांब ठेवा की तो फक्त बघेल. पाय स्थिर झाले, मान खाली आली की वस्तू दूर न्या. आणखी चांगलं म्हणजे वस्तू त्याच्यापासून लांब सरकवत न्या आणि त्याला तिच्यामागे चालू द्या. लांब जाणाऱ्या गोष्टीची भीती वाटत नाही, कुतूहल वाटतं.

भीती साठत जाते. नवी जागा, वारा, सोबत्याची अनुपस्थिती आणि वर छत्री, यांतली कोणतीही एक गोष्ट तो सोसतो, चारही मिळून नाही. एका दिवशी एकच नवी गोष्ट.

लांब दोर आणि लांब लगाम

गोल फिरवायला सात-आठ मीटरचा दोर घ्या. वर्तुळ निदान पंधरा मीटर व्यासाचं हवं. लहान वर्तुळात आतल्या पायांच्या सांध्यांवर तिरका भार येतो. दोन्ही दिशांना सारखं, दर दोन-तीन मिनिटांनी दिशा बदलून, एकूण दहा मिनिटं, आठवड्यात दोनदा. घोडा दमवण्यासाठी दोरावर पळवणं ही फार प्रचलित आणि फार वाईट सवय आहे: दमसास वाढतो, पाय बिघडतात, डोकं शांत होत नाही. इथे शिकवायचं ते फक्त आवाज: चालणं, दुडकी, थांबणं. हे शब्द पुढे पाठीवरून उपयोगी पडतात.

आमच्या मते त्याहून मोलाचे दोन लांब लगाम. मोहरकीच्या दोन्ही कड्यांना एकेक दोर, ते पाठीवरच्या पट्ट्याच्या कड्यांतून मागे, आणि तुम्ही लाथेच्या टप्प्याबाहेर, मागे किंचित बाजूला चालत. आधी कुणीतरी डोक्यापाशी असावं. दोर मांड्यांना लागण्याची सवय त्याआधीच झालेली हवी, नाहीतर पहिल्याच दिवशी उधळेल. वळणं, थांबणं, रस्ता ओलांडणं, एकट्याने पुढे जाणं हे सगळं पाठीवर वजन न घेता शिकवता येतं.

लगामाची सळई चढवताना ओठाच्या कोपऱ्यात, जिथे दात नसतात तिथे अंगठा घाला, तोंड उघडेल. दातांवर लोखंड आपटू देऊ नका. ओठाच्या कोपऱ्याला एक बारीक सुरकुती पडावी एवढी उंची. पहिले काही दिवस लगाम न लावता दहा मिनिटं नुसती तोंडात असू द्या.

खोगीर

आधी कापड, मग पट्टा, मग खोगीर. कापड जरा पुढे ठेवून मागे सरकवा, म्हणजे केस सरळ बसतात. खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाऊ नये, आणि खांद्याच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटांची पोकळी हवी. तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणारा पट्टा, कोपरापासून साधारण चार बोटं मागे येतो. तो एकेक भोकाने आवळा, मध्ये दहा पावलं चालवा, पुन्हा एक भोक. एकदम करकचून आवळलेला तंग हेच पहिल्या दिवशीच्या उड्यांचं नेहमीचं कारण. रिकिबी (स्वाराने पाय ठेवायच्या कड्या) आधी बांधून ठेवा, काही दिवसांनी मोकळ्या सोडून फिरवा, त्यांचा धक्का अंगाला लागू द्या. वाढत्या घोड्याची पाठ बदलत राहते. खोगीर दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बसवून बघा.

पाठीवर

स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या 15 टक्क्यांच्या आत असावेत. काटा नसेल तर अंदाज असा: कोपरामागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून कुल्ल्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे किलो. उदाहरणार्थ घेर 170 आणि लांबी 145 असेल तर वजन साधारण 353 किलो, म्हणजे पाठीवर जास्तीत जास्त 53 किलो.

दोन माणसं लागतात: एक डोक्यापाशी, ज्याला घोडा ओळखतो, आणि एक हलका, शांत स्वार. चढायला चौथरा किंवा भक्कम ठोकळा घ्या; जमिनीवरून चढलं की खोगीर पिरगळतं.

1. स्वार ठोकळ्यावर नुसता उभा राहतो, वरून खाजवतो, खोगीर थोपटतो. घोड्याला वरून दिसणारा माणूस नवा असतो. दोन-तीन दिवस एवढंच.
2. पोटावर आडवं होऊन थोडं वजन, पाच सेकंद, आणि उतरायचं. दोन्ही बाजूंनी.
3. आडव्या स्वारासकट चार पावलं.
4. पाय पलीकडे, पण शरीर मानेलगत खाली. मागच्या भागाला बूट लागू द्यायचा नाही.
5. हळूच सरळ बसणं, खाजवणं, उतरणं.

यातला प्रत्येक टप्पा कंटाळवाणा होईपर्यंत करा. उतरणं हीच मोकळीक आहे, म्हणून तो शांत असतानाच उतरा.

पहिल्या दोन आठवड्यांत पाच ते पंधरा मिनिटं, फक्त चालणं, आठवड्यात तीन-चार दिवस. इशाऱ्यांचा क्रम उलटा ठेवा: पायाचा हलका दाब नवा आहे, म्हणून आधी पाय आणि लगेच ओळखीचा ‘चल’. आधी आवाज दिलात तर तो पायाकडे लक्षच देणार नाही. तो निघाला की पाय सैल. लगामालाही तेच. टाच आणि लगाम एकाच वेळी देऊ नका. पुढे जा आणि थांब एकदम ऐकू आलं की घोडा एकतर सुन्न होतो, नाहीतर वर उठतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात थोडी दुडकी, सरळ रेषेत. त्याहून वेगाची चाल तोल आल्यावर, घाई नाही. बाहेर पहिल्यांदा जाताना पुढे एक जाणता घोडा असू द्या.

अचानक बिनसलं तर

कालपर्यंत करत असलेली गोष्ट आज तो नाकारत असेल, तर चाबूक शोधण्याआधी ठणक शोधा. पाठीवर बोटं दाबत जा, कुठे खचते? तंगाखालची कातडी, ओठांचे कोपरे, खुराची उष्णता, पाय टाकण्याची लय, तंग आवळताना दात दाखवणं. विश्रांतीच्या वेळी मोठ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. शांत उभा असूनही 60 च्या वर राहत असतील तर पशुवैद्याला बोलवा. दुखणं नसेल तर दोन पायऱ्या मागे जा, जिथे त्याला सगळं येत होतं तिथे, आणि तिथून पुन्हा वर या.

पहिल्या पंचवीस-तीस स्वाऱ्या झाल्या की दोन-तीन आठवडे पूर्ण सुट्टी द्या, सोबत्यांसह मोकळ्यावर. घोडा शिकलेलं विसरत नाही. परत घेताना पहिल्या दिवशी पाठीवर बसू नका. मोहरकी, चार वळणं, मागचे पाय सरकवणं, खोगीर चढवून उतरवणं, आणि मानेच्या मुळाशी भरपूर खाजवणं.